स्वसंरक्षणातील ‘स्व’

मुलींना स्वसंरक्षणाचे शिक्षण द्यावे की न द्यावे, यावर आज पालकसभेत दुमत होत नाही. आपल्या शाळेच्या वेळापत्रकातही गेली काही वर्षे त्यासाठी तासिका राखून ठेवलेल्या आहेत आणि पालकांनी त्यांचे मनापासून स्वागत केले आहे. मात्र वर्तमानपत्रांतील भयंकर बातम्यांमुळे निर्माण झालेली ही अगदी अलीकडची गरज आहे, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः आपल्या देशात या शिक्षणाला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. शाळेच्या हीरकमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने तो थोडक्यात मांडावा, असा या लेखाचा उद्देश आहे.

हा इतिहास वाचताना एक प्रश्न सतत समोर ठेवावा लागतो. मुलीच्या हाती लाठी दिली गेली, ती कोणाच्या रक्षणासाठी? घराण्याच्या अब्रूच्या, देशाच्या, की तिच्या स्वतःच्या? ‘स्वसंरक्षण’ या शब्दातील पहिल्या अक्षराला, म्हणजे ‘स्व’ला, या इतिहासात फार उशिरा जागा मिळाली. ती पुरती मिळाली आहे असे आजही म्हणवत नाही.

प्रारंभ केरळपासून करू. उत्तर मलबारच्या लोकगीतांत उण्णियार्चा नावाच्या वीरांगनेची कथा आहे. उत्सवाला निघालेल्या उण्णियार्चेला नादापुरमच्या बाजारात गुंडांनी अडवले. सोबतचा नवरा भीतीने थरथरू लागला; तिने मात्र उरुमी, म्हणजे कमरेला गुंडाळता येणारी लवचिक तलवार, उपसली आणि त्यांना नमवले. कथेतील इतिहास किती आणि कल्पना किती, हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी मुलींना कलारीपयट्टूचे शिक्षण देणारी घरे त्या प्रदेशात होती, ही गोष्ट खरी आहे. सातव्या वर्षाच्या सुमारास मुलगी कलारीत, म्हणजे तिथल्या आखाड्यात, उतरे. परंतु ती वयात आली की बहुतेक घरांत हे शिक्षण बंद होई. ज्या वयात त्याची खरी गरज सुरू होते, नेमक्या त्याच वयात दार मिटत असे. वडकरा येथील मीनाक्षी अम्मा यांनी सातव्या वर्षी कलारीत पाऊल ठेवले आणि वडिलांच्या प्रोत्साहनामुळे वयात आल्यावरही सराव सोडला नाही. पुढे त्या स्वतः गुरू झाल्या आणि २०१७ साली, पंचाहत्तरीच्या आसपास असताना, त्यांना ‘पद्मश्री’ने गौरवण्यात आले. एका वडिलांनी एका वळणावर ‘आता पुरे’ म्हटले नाही, एवढ्यावर हा सगळा फरक पडला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंगालमध्ये शरीरसंवर्धनाची मोठी लाट आली. १८७८ च्या शस्त्रकायद्याने सामान्य भारतीयाच्या हातून शस्त्र काढून घेतले होते आणि बंगाली माणूस दुबळा असल्याचा शिक्का राज्यकर्त्यांनी मारला होता. तो पुसून टाकण्यासाठी गावोगावी आखाडे निघाले. रवींद्रनाथ ठाकुरांची भाची सरलादेवी यांनी कलकत्त्यात बालीगंजच्या आपल्या वडिलांच्या घरी असाच आखाडा उघडला आणि मुर्तझा नावाच्या उस्तादांना तलवार व लाठी शिकवण्यासाठी नेमले. तरुणांच्या शौर्याचा गौरव करणारे वीराष्टमीसारखे उत्सव त्यांनी सुरू केले. उन्मत्त गोऱ्यांच्या मारहाणीला ज्या भारतीयांनी जागच्या जागी उत्तर दिले, त्यांच्या हकिकती त्यांनी आपल्या ‘भारती’ मासिकातून छापल्या. आखाडा काढणारी, उस्ताद नेमणारी, पदरचा पैसा खर्च करणारी एक स्त्री. पण त्या आखाड्यात घाम गाळत होते ते मुलगे! यात सरलादेवींचा दोष काढण्याचे कारण नाही. त्या काळी स्त्रीचे रक्षण हे पुरुषाचे कर्तव्य मानले जाई आणि सुधारक स्त्रियाही त्या कर्तव्याची आठवण पुरुषांना करून देण्यातच धन्यता मानीत.

शांतिनिकेतनातही प्रथम हेच घडले. १९०५ साली सानो जिन्नोसुके हे जपानी शिक्षक जुजुत्सू शिकवण्यासाठी तेथे आले, तेव्हा ते शिक्षण मुलग्यांनाच मिळाले.

याच सुमारास लंडनमध्ये मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांना वेगळा अनुभव येत होता. १८ नोव्हेंबर १९१० रोजी पार्लमेंटवर गेलेल्या स्त्रियांच्या शिष्टमंडळाला पोलिसांनी आणि बघ्यांनी तासन् तास धक्काबुक्की केली, त्यांची विटंबना केली. ‘काळा शुक्रवार’ म्हणून तो दिवस ओळखला जातो. त्या शिष्टमंडळात महाराजा रणजितसिंहांची नात सोफिया दुलीपसिंह होती, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. पाच फुटांहूनही कमी उंचीच्या इडिथ गॅरुड या चळवळीतील स्त्रियांना जुजुत्सू शिकवीत होत्या. पुढे १९१३-१४ च्या सुमारास चळवळीच्या नेत्यांना अटकेपासून वाचवण्यासाठी स्त्रियांचे एक संरक्षक पथक उभे राहिले. त्याला हे डावपेच गॅरुड यांनीच शिकवले. अंगावर येणाऱ्याच्या जोराचाच उपयोग करून त्याचा तोल घालवणे, हे जुजुत्सूचे तत्त्व. दंडात बळ कमी म्हणून स्त्रीने लढूच नये, या समजुतीला त्याने तडा दिला. शिवाय येथे रक्षण करणारी स्त्री होती, आणि जिचे रक्षण करायचे तीही स्त्रीच होती.

आपल्या बडोद्याचाही या इतिहासात वाटा आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, ते मुलींसह. जुम्मादादांच्या व्यायाममंदिराची धुरा राजरत्न माणिकरावांनी वाहिली. सामुदायिक कवायतीच्या इंग्रजी आज्ञांच्या जागी देशी आज्ञा रूढ करण्याचे मोठे श्रेय त्यांच्याकडे जाते. आज आपल्या मैदानावर ‘दक्ष’ म्हणताच टाचा जुळतात, त्यामागे ही परंपरा आहे. करंदीकर-मुजुमदारांच्या या नगरीतूनच व्यायामज्ञानकोशाचे मराठी खंड प्रसिद्ध झाले. येथील आर्य कन्या महाविद्यालयात मुलींच्या शिक्षणक्रमात कवायत, लाठी आणि व्यायाम यांना मानाचे स्थान होते. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई १९२७ साली पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष होत्या, आणि त्या परिषदेचा मुख्य विषय स्त्रीशिक्षणाचा होता. अभ्यासाबरोबर मुलीचे शरीरही शिक्षणाचा विषय आहे, हा विचार या शहराला अपरिचित नव्हता.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मात्र लाठी खऱ्या अर्थाने मुलींच्या हाती आली. ढाका विद्यापीठातून एम.ए. झालेली पहिली स्त्री म्हणजे लीला नाग. त्यांनी १९२३ मध्ये ढाक्याला ‘दीपाली संघ’ स्थापन केला. मुलींसाठी शाळा, हस्तकलेचे वर्ग यांच्या जोडीला लाठी आणि शारीरिक शिक्षणही तेथे होते. १९२८ मध्ये कलकत्त्यात ‘छात्री संघ’ निघाला. कल्याणी दास त्याच्या अध्वर्यू होत्या आणि क्रांतिकारक दिनेश मजुमदार मुलींना लाठी शिकवीत. या दोन संघांतून पुढे आलेल्या मुलींची नावे इतिहासात ठळक आहेत. कल्याणी दास यांची धाकटी बहीण बीना दास हिने ६ फेब्रुवारी १९३२ रोजी पदवीदान समारंभात गव्हर्नर स्टॅन्ली जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. प्रीतिलता वड्डेदार हिने २४ सप्टेंबर १९३२ रोजी चितगावजवळ पहाडतली येथील युरोपियन क्लबवरील हल्ल्याचे नेतृत्व केले आणि पकडले जाऊ नये म्हणून विष घेतले. त्या वेळी ती एकवीस वर्षांची होती. तिच्या वयाच्या मुली आज आपल्या माजी विद्यार्थिनींत आहेत, महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षात आहेत!

या मुलींचा त्याग थोर होता. त्यांना मैदानाचे दार उघडले गेले, कारण देशाला त्यांची गरज होती. विदर्भात १९३६ साली लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समिती स्थापन केली. सिंगापूरला १९४३ मध्ये नेताजींच्या आझाद हिंद सेनेत कॅप्टन लक्ष्मी यांच्या नेतृत्वाखाली राणी झाशी पलटण उभी राहिली. या दोन संस्थांचे विचार आणि मार्ग परस्परांहून अतिशय भिन्न. तरीही स्त्रीच्या शारीरिक शिक्षणाचे समर्थन दोन्हीकडे राष्ट्राच्या नावाने झाले. राष्ट्रासाठी म्हटले की आईवडिलांची परवानगी मिळणे सोपे जाई. ‘मला रस्त्याने निर्भयपणे चालायचे आहे’ एवढे कारण सांगून मैदानावर येणाऱ्या मुलीला त्या काळी कोणी दार उघडले असते का, हा प्रश्न उरतोच.

त्याला थोडेसे निराळे उत्तर शांतिनिकेतनात मिळाले. १९२९ साली रवींद्रनाथांनी जपानहून शिन्झो ताकागाकी या निष्णात ज्युदोशिक्षकांना बोलावले. या वेळी मुलग्यांबरोबर मुलीही शिकू लागल्या. पुढे अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांच्या आई म्हणून ज्यांचा परिचय झाला, त्या अमिता सेन या मुलींपैकी एक. त्या काळी मध्यमवर्गीय घरातील मुलीने मोकळ्या मैदानात असे शिक्षण घेणे ही सामान्य गोष्ट नव्हती. कलकत्त्याला ज्युदोची प्रात्यक्षिके झाली, तेव्हा संकोच आणि भय टाकून देण्याचे आवाहन करणारे एक गीत रवींद्रनाथांनी त्यासाठी रचले. त्या आवाहनाचा रोख तरुण मनातील भित्रेपणाकडे होता. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील हा एक महत्त्वाचा टप्पा आहे. डाव शिकण्यापूर्वी मुलीला आपल्या मनातील संकोच जिंकावा लागतो, ही गोष्ट एका शिक्षणसंस्थेने ओळखली होती. संस्थेला हा खर्च पेलवेना, आणि सुमारे दोन वर्षांनी ताकागाकींचे तेथील कार्य संपले. चांगला उपक्रम पैशाअभावी बंद पडण्याचे दुःख शाळा चालवणाऱ्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली राष्ट्रीय छात्रसेनेत मुलींचा विभाग सुरू झाला. पण शाळांमधून मुलींचे शारीरिक शिक्षण हळूहळू स्नेहसंमेलनाच्या लेझमीपुरते आणि प्रजासत्ताकदिनाच्या संचलनापुरते उरले. देश स्वतंत्र झाला, आता मुलीला लाठीचे काय काम, असा विचार त्यामागे असावा. ज्या मैदानावर तिला देशासाठी प्रवेश मिळाला होता, तेथे स्वतःसाठी थांबण्याचा तिचा हक्क कोणी फारसा मांडला नव्हता.

तो हक्क मांडला गेला न्यायालयांच्या आवारात आणि रस्त्यावरच्या मोर्चांत. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने स्वतःच्या शरीराचे रक्षण करण्याचा अधिकार प्रत्येक व्यक्तीला आरंभापासून दिला होता. बलात्काराच्या हेतूने होणाऱ्या हल्ल्यात हल्लेखोराचा प्राण गेला, तरी कलम १०० नुसार तो गुन्हा ठरत नसे. २०१३ च्या दुरुस्तीने त्यात ॲसिडहल्ल्याचाही समावेश झाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत हीच तरतूद कलम ३८ मध्ये आहे. मात्र आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा कायदा देत नाही, हेही मुलींना शिकवले पाहिजे.

पण याच कायद्याची दुसरी बाजू अतिशय क्लेशदायक होती. १९७२ साली विदर्भातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्यांना निर्दोष सोडले. तिच्या अंगावर इजेच्या खुणा नाहीत, म्हणजे तिने प्रतिकार केला नसावा, असा तर्क त्यामागे होता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रियांनी निदर्शने केली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पुढे डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समिती नेमली गेली आणि २०१३ च्या दुरुस्तीने स्पष्ट शब्दांत नमूद केले की, स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून तिची संमती होती असे मानता येणार नाही.

स्वसंरक्षणाच्या इतिहासात हे वाक्य मला लाठीइतकेच मोलाचे वाटते. प्रतिकार हा मुलीचा अधिकार आहे; ते तिच्यावर लादलेले बंधन नव्हे. भीतीने माणूस जागच्या जागी गोठतो, हात उचलत नाही, घशातून आवाज फुटत नाही. शिकलेल्या मुलीचेही असे होऊ शकते. तेव्हा ‘एवढे कराटे शिकवले, मग तू मारले का नाहीस?’ हा प्रश्न घरात कोणीही, कधीही विचारू नये. तो प्रश्न विचारला की आपण त्याच जुन्या निकालापाशी परत जातो.

आज समग्र शिक्षा अभियानात राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षणाच्या नावाने शासकीय शाळांतील सहावी ते बारावीच्या मुलींसाठी तीन महिन्यांचे वर्ग घेतले जातात. हा उपक्रम स्वागतार्ह आहे. पण केवळ ठोसे आणि लाथा शिकवून काम भागत नाही, कारण आपल्या मनातील हल्लेखोराचे चित्रच चुकीचे असते. काळोख्या गल्लीतील अनोळखी माणूस आपण डोळ्यांसमोर आणतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल मात्र सांगतात की, बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी दहांतील नऊंहून अधिक गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, घरी येणारा स्नेही. अनोळखी माणसाला ढकलणे सोपे. ‘काका’ म्हटलेल्या माणसाचा हात झिडकारणे फार अवघड.

कॅनडातील तीन विद्यापीठांत झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींपैकी एका गटाला बारा तासांचे प्रशिक्षण दिले, दुसऱ्या गटाला फक्त माहितीपत्रके दिली. वर्षभरात बलात्काराला बळी पडलेल्यांचे प्रमाण दुसऱ्या गटात ९.८ टक्के होते, प्रशिक्षण घेतलेल्या गटात ५.२ टक्के. त्या बारा तासांत हाताचे डाव होतेच. पण ओळखीच्या माणसाचे वागणे केव्हा धोक्याचे होते हे ओळखणे, मनातील भिडेवर मात करणे आणि ठामपणे नकार देणे, यांना मोठी जागा होती. शांतिनिकेतनातील मुलींनी ज्या संकोचाशी सामना केला, तोच हा संकोच.

म्हणून आपल्या शाळेतील तासिकांत पहिले आठवडे आवाजाचे असतात. पोटातून, मोठ्याने ‘नाही’ म्हणायला शिकवावे लागते, आणि ते शिकायला मुलींना सर्वांत जास्त वेळ लागतो, असा आमच्या शिक्षिकांचा अनुभव आहे. त्यानंतर मनगट पकडले तर ज्या बाजूला पकडणाऱ्याचा अंगठा असतो त्या बाजूने झटका देऊन हात सोडवणे, कोपराचा उपयोग, सुटका होताच थांबून न राहता माणसांच्या दिशेने धावणे, आणि जे घडले ते विश्वासाच्या व्यक्तीला त्याच दिवशी सांगणे. १०९८, ११२ आणि आपल्या गुजरातेतील ‘१८१ अभयम्’ हे क्रमांक पाठ असणे हाही त्या शिक्षणाचाच भाग. यातील संमती आणि आदर यांविषयीच्या तासिकांना मुलगेही बसतात. धोका निर्माण होऊच नये याची जबाबदारी अर्ध्या वर्गाने उचलायची नाही, असे शाळा मानत नाही.

पालकांना माझे सांगणे दोन गोष्टींपुरते आहे. पहिली, मुलगी आठवी-नववीत गेली की ‘आता अभ्यास वाढला’, ‘आता मोठी झाली’ म्हणून तिला मैदानावरून उठवू नका. केरळातील कलारीचे दार ज्या वयात मिटत असे, ते हेच वय. दुसरी गोष्ट, मुलीने घरातल्या किंवा ओळखीतल्या कोणाविषयी नाराजी बोलून दाखवली, तर नात्याची भीड आड येऊ देऊ नका. तिला शाळेत शिकवलेला ‘नाही’ घरात गिळावा लागला, तर आमच्या तासिका व्यर्थ आहेत.

माजी विद्यार्थिनींना विनंती आहे की त्यांनी मैदानावर यावे. ज्यांनी ज्युदो, कराटे, कुस्ती, कबड्डी पुढे चालू ठेवली, त्यांनी शिकवावे. ज्यांनी ठेवली नाही, त्यांनी मुलींशी बोलावे. आणि सर्वांनाच एक गोष्ट सांगावीशी वाटते. नवरात्रात आपल्या बडोद्यातील मुली मध्यरात्र उलटल्यावरही गरब्याहून मोकळेपणाने घरी परततात. त्या नऊ रात्रींत त्या अचानक डावपेचांत तरबेज झालेल्या नसतात. रस्ते जागे असतात, माणसे बाहेर असतात आणि रात्री रस्त्यावर असल्याबद्दल मुलीला कोणी जाब विचारत नाही. उरलेल्या रात्रीही तशाच व्हाव्यात हे काम एकट्या मुलींचे नव्हे. तोवर मात्र त्यांच्या मनगटात आणि आवाजात जे बळ आपण देऊ शकतो ते दिले पाहिजे; आणि ते कोणाच्या अब्रूसाठी नव्हे, त्यांचे त्यांना असावे म्हणून दिले पाहिजे.